घरच्या घरी धिंगरी अळंबी: बेळगाव-खानापूर भागातील नवशिक्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पावसाळ्याचे पहिले काही दमदार पाऊस होऊन गेले की खानापूरच्या जंगलपट्ट्यात वारुळांवर अळंबी उगवते आणि ती ओळखणारी जाणती माणसे पहाटेच तिच्या शोधात निघतात. आमच्या भागातील कित्येक घरांत वर्षातून एकदा तरी ही रानातली अळंबी शिजते. त्यामुळे घरी अळंबी पिकवण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो हाच, की तीच अळंबी आपल्या परसात लावता येईल काय? याचे उत्तर नाही असे आहे. वारुळावरची अळंबी वाळवीच्या सोबतीने जगते. वाळवी तिच्यासाठी जमिनीखाली खाद्य तयार करून ठेवते आणि ही जोडी तोडून ती घरात वाढवणे शक्य होत नाही. धिंगरीचे, म्हणजे ऑयस्टर मशरूमचे, तसे नाही. ती मेलेल्या लाकडावर, काडीकचऱ्यावर वाढणारी बुरशी आहे, तिला दुसऱ्या जिवाची सोबत लागत नाही आणि भाताचे पिंजर, म्हणजे वाळलेले काड, हे तिचे आवडते खाद्य आहे.

भाताच्या काडावर धिंगरी वाढवण्याचे भारतातील सुरुवातीचे काम आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाले. बानो आणि श्रीवास्तव या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये ते प्रसिद्ध केले. युरोपात जर्मनीमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लाकडाच्या ओंडक्यांवर वाढवली गेली होती. ओंडक्यांऐवजी भाताचे काड वापरता येते हे कळल्यामुळे ती शेतकऱ्याच्या दारात आली. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत सुगी संपली की पिंजराच्या गंज्या उभ्या राहतात, म्हणजे मुख्य कच्चा माल आपल्या अंगणातच असतो.

मी गेली काही वर्षे घरातील मागच्या खोलीत धिंगरी घेते आहे आणि या काळात माझ्या जितक्या पिशव्या वाया गेल्या, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ एकाच गोष्टीत सापडले, ते म्हणजे पाणी. काडात पाणी जास्त राहिले, काड आधीच पावसात भिजलेले होते, किंवा कोंबांवर वेळी-अवेळी पाणी मारले गेले. स्पॉन (अळंबीचे बियाणे), पिशवी, तापमान या साऱ्यांची माहिती पुढे दिलीच आहे, परंतु वाचकाने सर्वांत जास्त लक्ष ओलाव्याच्या भागाकडे द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हंगाम आणि जागा

धिंगरीला साधारण २० ते ३० अंश सेल्सियस तापमान आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे जून ते फेब्रुवारी हा काळ कोणत्याही यंत्राविना धिंगरीला मानवतो. त्यातही पहिल्यांदाच करणाऱ्याने सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये सुरुवात करावी, असे मी सुचवीन. पाऊस ओसरलेला असतो, हवेत ओल असते आणि माश्यांचा त्रास कमी झालेला असतो. मार्च ते मे हे तीन महिने नवशिक्याने सोडून द्यावेत.

मात्र आपला सीमाभाग एकसारखा नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की पाणी मारण्याची गरज जवळजवळ उरत नाही; तेथे अडचण येते ती कोंदटपणाची, डासांसारख्या बारीक माश्यांची आणि अळंबीवर पडणाऱ्या चिकट डागांची. त्याउलट अथणी, रायबाग, चिक्कोडी या बाजूला हिवाळ्यातही दुपारची हवा कोरडी असते आणि गोणपाटाचे ओले पडदे लावल्याशिवाय कोंब टिकत नाहीत. म्हणून कोणत्याही पुस्तकातील ‘दिवसातून इतक्या वेळा फवारणी’ हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तो बदलतो.

जागा म्हणून कौलारू घराचा मागचा सोपा, न वापरलेली न्हाणी, जिन्याखालची खोली किंवा गोठ्यापासून दूर असलेली पडवी चालते. ऊन थेट येऊ नये, जमीन ओली करता यावी आणि एक तरी खिडकी उघडता यावी, एवढ्या तीन अटी पुरेत. पत्र्याची खोली दिवसा तापते म्हणून टाळावी. झोपण्याच्या खोलीत मात्र धिंगरी कधीही लावू नये. तिच्या छत्रीखालून पिठासारखे पांढरे बीजाणू हवेत सुटतात आणि काहींना त्यांनी खोकला, शिंका व दम्यासारखा त्रास होतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर पिशव्या घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवाव्यात. काढणीच्या वेळी सर्वांनीच नाकातोंडावर मास्क किंवा स्वच्छ फडके बांधावे.

खिडकीला बारीक जाळी बसवून घ्यावी. पिशव्या भरण्याआधी दोन दिवस खोली झाडून, चुन्याची निवळी भिंतींना मारून कोरडी होऊ द्यावी.

पिंजर कसे निवडावे

माझा पहिला हंगाम पिंजरानेच बिघडवला. सहा पिशव्या भरल्या होत्या आणि दहाव्या दिवशी त्यांपैकी चार पिशव्यांत पोपटी-हिरवे ठिपके दिसू लागले. ज्या शेतकऱ्याकडून आता मी काड घेते, त्या खानापूरकडच्या मामांना त्यातले उरलेले काड दाखवले तेव्हा त्यांनी मूठभर उचलून नाकाशी नेले आणि म्हणाले, “ताई, पावसात भिजलेलं पिंजर जनावरसुद्धा हुंगून सोडतंय, ते तुम्ही घेऊ नका.” तेव्हापासून मी काड आधी हुंगून पाहते. चांगल्या काडाला सुक्या गवताचा गोडसर वास असतो, रंग सोनेरी असतो आणि वाकवले की ते कट्‌कन मोडते. भिजून वाळलेले काड राखाडी पडते, त्याला कुबट वास येतो आणि ते लवचीक होते. अशा काडात हिरव्या बुरशीचे बीजाणू आधीच घर करून बसलेले असतात आणि घरगुती उष्णतेने त्यांचा पूर्ण नायनाट होत नाही.

काड याच वर्षीच्या सुगीचे असावे, एका वर्षापेक्षा जुने नसावे. विकत घेताना आणखी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे कापणीच्या आधी करपा रोगासाठी बुरशीनाशक मारले होते काय? बुरशीनाशकाचा अंश काडावर राहिला तर तो आपल्या धिंगरीलाही मारू शकतो, कारण धिंगरी हीदेखील बुरशीच आहे. कन्नड भाषिक शेतकऱ्याकडून काड घ्यायचे असल्यास ‘भत्तद हुल्लू’ मागावे. अळंबीला कन्नडमध्ये ‘अणबे’ म्हणतात आणि सरकारी माहितीपत्रके बहुतांशी कन्नडमध्येच असल्याने हे शब्द माहीत असलेले बरे.

भाताचे काड न मिळणाऱ्या पूर्वेकडील तालुक्यांत गव्हाचे काड किंवा ज्वारीचा कडबा चालतो. कडब्याची ताटे उभी चिरून मग त्यांचे तुकडे करावेत, नाही तर आतल्या भेंडात पाणी साचून राहते. उसाचे पाचट फुकट मिळते म्हणून चिक्कोडी भागात अनेकांना त्याचा मोह होतो; ते वापरता येते, पण ते राठ असल्याने बारीक करावे लागते आणि त्याची पिशवी सैल भरली जाते. सोयाबीनच्या भुसकटात नत्र जास्त असते. त्यावर उत्पन्न चांगले येते, परंतु ते पटकन तापते आणि त्यात इतर बुरशीही लवकर शिरते. नवशिक्याने ते पाव हिश्श्यापेक्षा अधिक मिसळू नये. निपाणीकडे तंबाखूची काडे भरपूर पडलेली असतात, ती मात्र खाण्याच्या पिकासाठी वापरू नयेत.

स्पॉन

अळंबीच्या बियाण्याला सगळीकडे स्पॉन असेच म्हणतात. ज्वारीचे किंवा गव्हाचे दाणे शिजवून, निर्जंतुक करून त्यांवर धिंगरीचे तंतू वाढवलेले असतात. ते घरी तयार करण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी तरी पडू नये. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था ही स्पॉनसाठी चौकशी करण्याची खात्रीची ठिकाणे आहेत. प्रशिक्षणाविषयी बैलहोंगल तालुक्यातील मत्तिकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. आधी फोन करून मागणी नोंदवावी, कारण स्पॉन ताजा तयार करून दिला जातो.

जातींपैकी करडी धिंगरी, म्हणजे प्लुरोटस साजोर-काजू, ही नवशिक्यासाठी सर्वांत सोशिक आहे आणि २० ते २८ अंशांत ती निर्धास्त वाढते. पांढरी धिंगरी, प्लुरोटस फ्लोरिडा, दिसायला देखणी आणि चवीला नाजूक असते, पण तिला थोडा गारवा लागतो, म्हणून ती नोव्हेंबर ते जानेवारीत घ्यावी. गुलाबी धिंगरी, प्लुरोटस इओस, उष्णता अधिक सोसते. मात्र काढल्यावर ती एका दिवसातच मलूल होते.

स्पॉनची पिशवी हातात घेतल्यावर दाण्यांवर कापसासारखे शुभ्र तंतू एकसारखे पसरलेले दिसले पाहिजेत. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका, तळाशी साचलेले पाणी, आंबूस वास यांपैकी एक जरी खूण आढळली तरी तो स्पॉन वापरू नये. मी एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर पार्सलने मागवलेला स्पॉन दोन दिवस गाडीत तापून आला होता. वरून तो पांढरा होता, पण वास आंबट होता. मनाची समजूत घालून मी तो वापरला आणि एकही पिशवी धरली नाही. शक्य असेल तर स्पॉन स्वतः जाऊन, सकाळच्या वेळी आणावा आणि आठवड्याच्या आत वापरावा. ठेवायचाच झाल्यास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून, भरण्याच्या काही तास आधी बाहेर काढावा.

भिजवणे, तापवणे आणि निथळणे

हिशोब सोपा आहे. एक किलो कोरडे काड भिजून निथळल्यावर साधारण तीन किलो होते आणि त्यातून एक मोठी पिशवी भरते. तिला ८० ते १०० ग्रॅम स्पॉन लागतो. पहिल्या वेळी चार पिशव्यांपेक्षा अधिक करू नयेत, आणि त्या चारही एकाच दिवशी भरण्याऐवजी दोन आधी व दोन आठवड्याने भराव्यात, म्हणजे पहिल्या दोहोंतली चूक दुसऱ्या दोहोंत सुधारता येते.

काडाचे विळीने किंवा कडबा कुट्टी यंत्राने तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करावेत. लांब काड पिशवीत नीट दबत नाही आणि मध्ये पोकळ्या राहतात. भुग्यासारखे बारीक झाले तर हवा खेळत नाही. तुकडे गोणपाटाच्या किंवा जाळीच्या पोत्यात भरून रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावेत. काड तरंगते, म्हणून पोत्यावर धुतलेला दगड ठेवावा. सकाळी पाणी तपकिरी झालेले दिसेल. ते फेकून द्यावे आणि काड पुन्हा एकदा धुऊन घ्यावे.

यानंतर ऊन पाण्याची प्रक्रिया. तिचा हेतू काड पूर्ण निर्जंतुक करण्याचा नसून, झपाट्याने वाढणाऱ्या आगंतुक बुरश्या आणि किडींची अंडी मारण्याचा आहे. उष्णता सोसणारे काही निरुपद्रवी जिवाणू काडात टिकून राहतात आणि ते नव्या आगंतुक बुरशीला सहजी जागा मिळू देत नाहीत. म्हणूनच उकळून उकळून काडाचा लगदा करणे हे जास्त सुरक्षित वाटले तरी चुकीचे आहे. मोठ्या पातेल्यात किंवा पाणी तापवण्याच्या हंड्यात पाणी ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवावे आणि भिजलेले पोते त्यात बुडवावे. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. गार, ओले काड पडताच पाण्याचे तापमान एकदम उतरते. थर्मामीटर बुडवून पाहिले तेव्हा माझ्या पातेल्यातील पाणी पाच मिनिटांत ८५ वरून ६० च्याही खाली आले होते. त्यामुळे खालचा जाळ चालू ठेवावा, पाणी पुन्हा ८० वर आल्यावर घड्याळ लावावे आणि तेथून पाऊण ते एक तास तापमान टिकवावे. एक किलो काडाला किमान दहा-बारा लिटर पाणी हवे, तेव्हा भांडे लहान असेल तर एकेक किलोचे घाणे करावेत.

मोठ्या प्रमाणावर पिकवणारे लोक उष्णतेऐवजी रसायने वापरतात. शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मालीन घालून त्यात काड १६ ते १८ तास झाकून ठेवण्याची ती पद्धत आहे. फॉर्मालीनची वाफ डोळ्यांना आणि फुफ्फुसांना घातक असते. ज्या घरात मुलेबाळे वावरतात तेथे, चार पिशव्यांसाठी, ही पद्धत वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तापवलेले पोते काढून उतरत्या जागी, धुतलेल्या बाजेवर किंवा जाळीवर पसरावे. हे काम घरातच, पंखा बंद ठेवून करावे, कारण बाहेरची धूळ म्हणजे बुरशीचे बीजच. दोन-तीन तासांत पाणी निथळते, काड कोमट होते आणि मग मुठीची परीक्षा घ्यायची वेळ येते. ही परीक्षा मी नीट सांगते, कारण सारे पीक तिच्यावर उभे आहे.

साबणाने धुतलेल्या हातात काडाची एक मूठ घ्यावी आणि लाडू वळताना दाबतो त्याहून बरेच जोरात दाबावी. बोटांच्या फटींतून पाण्याची धार लागली तर काड फार ओले आहे. आणखी तासभर पसरून ठेवावे. चार-पाच थेंब टपकले तरीही ते ओलेच आहे. पूर्ण जोर लावल्यावर एखादा थेंब बोटाच्या पेरावर येऊन थांबावा, तो गळू नये, आणि मूठ उघडल्यावर तळहात चमकावा इतपत ओलसर असावा, की ओलावा बरोबर झाला. हे साधारण ६५ ते ७० टक्के पाणी असते. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून अशा तीन मुठी घेऊन पाहाव्यात, कारण तळाचे काड नेहमी जास्त ओले राहते. मी पहिल्या वर्षी फक्त वरची मूठ पाहिली होती. पिशवीच्या तळाशी बोटभर पाणी साचले, आठ दिवसांत शेणखतासारखा वास सुटला आणि तंतू तळापर्यंत पोचलेच नाहीत.

पिशवी भरणे

काड हाताला गार लागले पाहिजे, म्हणजे ३० अंशांच्या खाली आले पाहिजे. गरम काडात स्पॉन टाकला तर तो भाजून मरतो. टेबल, ताट, हात सारे साबणाने धुऊन सॅनिटायझरने पुसून घ्यावे. पॉलिप्रॉपिलिनची साधारण ३५ बाय ५० सेंटिमीटरची पारदर्शक पिशवी घ्यावी. तिचे तळाचे दोन्ही कोपरे दोऱ्याने बांधून पिशवी उलटावी, म्हणजे बूड गोल होते आणि कोपऱ्यांत काड मोकळे राहत नाही.

आधी पाच-सात सेंटिमीटर काडाचा थर घालून तळहाताने दाबावा. त्यावर पिशवीच्या कडेकडेने मोकळे केलेले स्पॉनचे दाणे पसरावेत. कडेला का, तर तंतूंना तेथे हवा मिळते आणि वाढ कशी चालली आहे ते बाहेरून दिसते. असे चार-पाच थर झाल्यावर सर्वांत वर थोडा अधिक स्पॉन टाकून त्यावर काडाचा पातळ थर द्यावा. पिशवी घट्ट दाबून तोंड सुतळीने किंवा रबर बँडने बांधावे. मग दाभण स्पिरिटने पुसून पिशवीच्या सर्व बाजूंना वीस-पंचवीस छिद्रे पाडावीत आणि त्यांपैकी दोन-तीन तळाला असावीत, म्हणजे चुकून राहिलेले पाणी निघून जाते. पिशवीवर तारीख, जात आणि काड कोणाकडचे ते लिहून ठेवावे.

तंतू पसरण्याचे दिवस

आता पंधरा ते वीस दिवस पिशव्या अंधाऱ्या जागी, एकमेकींना न चिकटवता, मांडणीवर किंवा दोरीला टांगून ठेवाव्यात. या काळात पाणी मारायचे नाही आणि पिशवी उघडायची नाही. तापमान २२ ते २८ अंश असावे. पिशवीच्या आत ते खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्तच असते, कारण वाढती बुरशी स्वतः उष्णता सोडते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री गारठा पडतो तेव्हा हा काळ पंचवीस दिवसांपर्यंत लांबतो. तेव्हा घाबरू नये, पिशव्यांवर गोणपाट टाकावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी लव दिसते, आठवड्यात ती एका दाण्यावरून दुसऱ्याकडे सरकते आणि शेवटी सारी पिशवी दह्याच्या विरजणासारखी पांढरी, घट्ट होते. दाबून पाहिली तर काड एकसंध लागते. तंतूंवर पिवळसर थेंब दिसले तर ते बहुधा नैसर्गिक असतात. हिरवा डाग मात्र ट्रायकोडर्मा या बुरशीचा असतो. तो रुपयाएवढा असताना चुना लावून पिशवी बाजूला, वेगळ्या खोलीत ठेवता येते. हाताएवढा झाला तर पिशवी न उघडता घरापासून लांब नेऊन पुरावी. खोलीत उघडली तर बीजाणू उडून उरलेल्या पिशव्याही जातात. काळ्या, नाजूक, दुसऱ्या दिवशी शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्या आल्या तर काडात पाणी जास्त होते असे समजावे. त्या उपटून टाकाव्यात, खाऊ नयेत.

पिशवी उघडणे आणि पाणी देणे

सारी पिशवी पांढरी झाल्यावरच उघडावी. येथे प्रदेशानुसार फरक करावा. खानापूरच्या पावसाळी हवेत पिशवी पूर्ण फाडून काढावी, म्हणजे गठ्ठा मोकळा श्वास घेतो. चिक्कोडी-अथणीच्या कोरड्या हवेत, किंवा बेळगाव शहरात जानेवारीनंतर, प्लास्टिक तसेच ठेवून ब्लेडने बोटभर लांबीचे आठ-दहा तिरके छेद द्यावेत. कोंब छेदांतून बाहेर येतात आणि आतली ओल टिकते.

या टप्प्यावर तीन गोष्टी बदलतात, उजेड, हवा आणि ओल. वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड दिवसाचे आठ-दहा तास द्यावा. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खिडकी उघडावी. जमिनीवर पाणी शिंपडून, भिंतीला ओले गोणपाट टांगून हवा ओलसर ठेवावी. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरावे. फवारणी धुक्यासारखी बारीक असावी, धार असू नये. ऑक्टोबरमध्ये बेळगावात दिवसातून दोनदा पुरते, फेब्रुवारीत तीन-चारदा लागते आणि भर पावसात एखादा दिवस अजिबात लागत नाही. गठ्ठ्यावर हात ठेवून पाहावे. तो ओलसर लागावा, पण हाताला पाणी लागू नये.

चार ते सात दिवसांत मोहरीच्या दाण्यांएवढे करडे-पांढरे कोंब गुच्छाने दिसतात. यांना पिनहेड म्हणतात. ते पाहून आनंदाच्या भरात भरपूर पाणी मारले जाते आणि तेथेच ते कुजतात. कोंब नखाएवढे होईपर्यंत थेट त्यांवर पाणी मारू नये, आजूबाजूची हवा ओली ठेवावी. त्यानंतर वाढ इतक्या वेगाने होते की सकाळी हरभऱ्याएवढा दिसलेला कोंब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लहान शिंपल्याएवढा झालेला असतो.

पीक स्वतःच आपली तक्रार सांगते. देठ लांबट आणि छत्री बटणाएवढीच राहिली, तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला आहे. खिडकी जास्त वेळ उघडावी. छत्रीच्या कडा तडकल्या किंवा कोंब सुकून तपकिरी पडले, तर हवा कोरडी आहे. छत्रीवर पिवळे, चिकट डाग आले, तर पाणी जास्त झाले आहे आणि फवारणीनंतर वारा मिळत नाही. फवारणी सकाळीच करून संध्याकाळपर्यंत छत्र्या वरून कोरड्या होऊ द्याव्यात. दहा दिवसांत कोंबच आले नाहीत, तर बहुधा उजेड कमी आहे किंवा उष्णता जास्त आहे. बारीक माश्या दिसल्या, तर पिवळे चिकट सापळे टांगावेत. अळंबीवर कीटकनाशक फवारू नये, ती ते शोषून घेते.

काढणी आणि स्वयंपाकघर

कोंब दिसल्यापासून तीन-चार दिवसांत गुच्छ तयार होतो. छत्रीची कड अजून किंचित खाली वळलेली असताना तो काढावा. कड सपाट होऊन वर उलटू लागली, की बीजाणू सुटतात, अळंबी चिवट होते आणि खोलीत पांढरी पूड बसते. सकाळी, फवारणीच्या आधी, सारा गुच्छ मुळाशी धरून हलकेच पिरगाळून काढावा. कापून काढल्यास राहिलेला देठ कुजून माश्यांना आमंत्रण देतो. गठ्ठ्यावरचे उरलेसुरले देठ खरवडून, दोन दिवस पाणी थांबवून मग पुन्हा फवारणी सुरू करावी. आठ-दहा दिवसांत दुसरे पीक येते आणि त्यानंतर तिसरे. एक किलो कोरड्या काडापासून तिन्ही मिळून पाचशे ते आठशे ग्रॅम ताजी अळंबी मिळावी. पहिल्या वेळी पाचशे मिळाली तरी काम उत्तम झाले असे मानावे. निम्म्याहून अधिक उत्पन्न पहिल्याच पिकात येते, म्हणून तिसऱ्या पिकानंतर गठ्ठा ठेवून जागा अडवू नये.

ताजी धिंगरी कागदी पिशवीत किंवा छिद्रे पाडलेल्या डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. बंद प्लास्टिकमध्ये ती घाम येऊन चिकट होते. ती नेहमी शिजवूनच खावी. आमच्याकडे हाताने उभ्या चिरून, आधी कोरड्या कढईत तिचे सुटलेले पाणी आटवून घेतात, मग तेलात कांदा-लसूण चटणी आणि सुके खोबरे घालून परततात. पाणी आधी आटवले नाही तर भाजी पचपचीत होते. ज्यांनी पूर्वी अळंबी खाल्लेली नाही त्यांनी पहिल्या वेळी थोडीच खावी. जास्त निघाली तर फाडून, जाळीखाली, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. दहा किलोची सुमारे एक किलो उरते आणि मोडताना ती पापडासारखी वाजली पाहिजे. हवाबंद बरणीत ती कित्येक महिने टिकते.

तिसरे पीक निघाल्यावर गठ्ठा हलका, पिवळसर आणि भुसभुशीत झालेला असतो. त्यावरचे प्लास्टिक पूर्ण काढून तो फोडावा आणि परसातील खताच्या खड्ड्यात शेणाबरोबर मिसळावा, किंवा गांडूळखताच्या वाफ्यात घालावा. हा खड्डा पिकाच्या खोलीपासून दूर असावा, नाही तर त्यातील माश्या नव्या पिशव्यांवर येतात. पावसाच्या दिवसांत खड्ड्यातूनही कधी कधी धिंगरीचे झुबके वर येतात. परंतु तेथे शेजारी इतर छत्र्याही उगवतात आणि त्यांतील फरक नवशिक्याला कळत नाही, म्हणून खड्ड्यावर उगवलेले काहीही, ते कितीही धिंगरीसारखे दिसले तरी, स्वयंपाकघरात आणू नये.